साठीनंतरच्या हातांसाठी डीअरिंग गुडटाइम २: ब्लूग्रासच्या लयीत हा हलका बॅन्जो किती साथ देतो?

डीअरिंग कंपनीच्या गुडटाइम २ या बॅन्जोची परीक्षणं बहुतेक नवशिक्यांसाठी लिहिलेली असतात. वजनाला हलका, लावायला सोपा, पहिला बॅन्जो म्हणून घ्यायला हरकत नाही, असा त्यांचा सूर. हे परीक्षण दुसऱ्याच माणसासाठी आहे. त्याचा हात वीस-तीस वर्षं ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं जलद लयीचं तारवाद्यांचं संगीत, वाजवून तयार झालेला आहे. पण साठीच्या आसपास लय उतरू लागली आहे, खांदा भरून येतो, अंगठा तळाशी दुखतो, आणि पूर्वी सहज पेलणारी गत आता तिसऱ्या फेरीला हातातून निसटते. अशा माणसाला हे वाद्य किती वेग परत मिळवून देतं, कुठे कमी पडतं आणि त्यावर काय उपाय करता येतो, एवढंच इथे तपासलं आहे.

गणपतीच्या मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बेंजो हा नव्हे. हा पाच तारांचा, गोल पुडीचा अमेरिकन बॅन्जो. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत नख्या घालून तो वाजवतात. अर्ल स्क्रग्ज १९४५च्या अखेरीस बिल मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइजमध्ये आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या वादनाने या संगीताला त्याचा वेग दिला.

गुडटाइम २ची मापं अशी: तीन थरांच्या मेपलचं ११ इंची कडं, मेपलचीच दांडी, २२ पडदे, नटापासून (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत (पुडीवरचा तारांचा आधार) तारेची लांबी २६¼ इंच, नटाशी दांडीची रुंदी १¼ इंच, पुडी ताणायला १६ आकडे (हूक) आणि पाठीमागे रेझोनेटर, म्हणजे आवाज पुढे फेकणारी बंद पाठ. पितळी टोन-रिंग (आवाज भरदार करणारी, कड्यावरची जड कडी) नाही. वजन साधारण ६ पौंड, म्हणजे २.७ किलो. गिब्सन कंपनीच्या मास्टरटोन धाटणीचा टोन-रिंगवाला बॅन्जो ११ ते १२ पौंड भरतो, म्हणजे पाच किलोंच्या पुढे. या परीक्षणातलं बरंचसं या दोन वजनांतल्या फरकाभोवती फिरतं.

वेगाचं गणित आणि वय

ब्लूग्रासमध्ये मेट्रोनोमचा (लय मोजायच्या यंत्राचा) ठोका अर्ध्या मापाला धरतात; माप म्हणजे आठ स्वरांचा एक तुकडा. एका ठोक्यात चार स्वर येतात. मिनिटाला १०० ठोके असतील तर सेकंदाला ६.७ स्वर होतात, १२० ला ८, १४० ला ९.३ आणि १६० ला १०.७. घरगुती जॅममधली (एकत्र जमून वाजवण्याच्या बैठकीतली) मध्यम गाणी १०० ते १२० मध्ये बसतात. १९४९ साली ध्वनिमुद्रित झालेलं ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ दीडशेच्या घरात जातं.

हे आकडे पाहून घाबरायचं कारण नाही, कारण बॅन्जोत हे काम तीन बोटांत वाटलं जातं. १२० च्या लयीत सेकंदाला ८ स्वर, म्हणजे रोल (तीन बोटांनी तारा ठरावीक क्रमाने छेडत राहणं) वाजवताना एकेका बोटाच्या वाट्याला तीनहून कमी फटके येतात. तीच लय गिटारवर किंवा मॅन्डोलिनवर एकाच नखीने वाजवायची तर सगळे आठ फटके एकाच मनगटावर पडतात. बॅन्जोवरही सिंगल-स्ट्रिंग पद्धतीत, म्हणजे एकाच तारेवर सलग स्वर वाजवताना, अंगठा आणि तर्जनी आळीपाळीने चालतात. तिथे प्रत्येक बोटाला सेकंदाला चार फटके मारावे लागतात. म्हणूनच वय वाढलं की आधी सिंगल-स्ट्रिंगचे तुकडे अडखळतात आणि रोल बऱ्याच उशिरापर्यंत टिकतो. साठीनंतर काय सोडायचं आणि काय ठेवायचं, याचा निर्णय याच हिशेबाने करावा. रोल ठेवावा, सिंगल-स्ट्रिंगचे लांब तुकडे आखडते घ्यावेत.

वयाने नक्की काय मंदावतं? जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू कमी होतात, कंडरा ताठर होतात, थकल्यावर हात पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. पण ब्लूग्रास वाजवणाऱ्याचा वेग बोटांच्या कमाल गतीपाशी फार क्वचित अडतो. तो अडतो तो जोरापाशी. आवाज पोचत नाही म्हणून तार जोरात मारली जाते, दांडी तोलायची म्हणून डावा अंगठा आवळला जातो, पट्टा रुततो म्हणून खांदा वर उचलला जातो. या तिन्ही गोष्टींनी पुढच्या हाताचा स्नायू सतत ताणलेला राहतो, आणि ताणलेल्या स्नायूला दोन फटक्यांच्या मध्ये सैल व्हायला वेळच मिळत नाही. तरुण हात हे खपवून घेतो. साठीचा हात दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला दमतो. वाद्य निवडताना आणि लावून घेताना हा फुकटचा जोर कुठे कुठे वाचतो ते पाहायचं.

खांदा, पट्टा आणि तोल

बॅन्जोवादक सनी ऑस्बोर्न यांना खांद्याच्या दुखण्यामुळे २००५ साली मंचावरून निवृत्त व्हावं लागलं. गिटारवादक टोनी राइस यांचं गाणं १९९४ मध्ये घशाच्या विकाराने थांबलं, आणि पुढे कोपराच्या दुखण्याने व संधिवाताने त्यांची गिटारही बंद झाली. या दोघांच्या कौशल्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. शरीराचा एक सांधा पुरेसा ठरला.

पाच किलोंचं वाद्य डाव्या खांद्यावर तासभर लटकलं की मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू कडक होतो आणि पट्ट्याखाली शिरा दाबल्या जाऊन हाताला मुंग्या येऊ शकतात. गुडटाइम २मुळे हा भार जवळपास निम्मा होतो. उभं राहून दोन तास वाजवणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल, आणि याच एका गोष्टीसाठी हे वाद्य विचारात घेण्यासारखं आहे.

मात्र हलक्या बॅन्जोला एक खोड असते. कडं हलकं आणि दांडी मेपलची, त्यामुळे दांडी खाली झुकते. रेझोनेटर नसलेला साधा गुडटाइम ४ पौंडांचा आहे, पण त्यात ही खोड जास्त. झुकणारी दांडी डावा हात नकळत उचलून धरतो, म्हणजे खांद्यावरचा भार अंगठ्याच्या तळाशी जातो. हे वाईट आहे. चिमटीत टोकाशी एक किलोचा जोर दिला तर अंगठ्याच्या तळाच्या सांध्यावर त्याच्या दहा-बारा पट दाब येतो, आणि उतारवयात हाताचे जे सांधे सर्वात जास्त झिजतात त्यांतला हा एक. म्हणून चार पौंडांच्या मोहात न पडता सहा पौंडांचा घ्यावा असं आम्ही ठामपणे सांगू. रेझोनेटरचं वजन मागे पडतं आणि तोल बराच सुधारतो.

तोल तपासण्याची पद्धत सोपी आहे. पट्टा घाला, वाजवायच्या जागी वाद्य धरा आणि डावा हात पूर्ण सोडा. दांडीचं टोक दोन-तीन बोटांपेक्षा जास्त खाली गेलं तर पट्ट्याची जागा बदला: एक टोक दांडीच्या बुडाशी असलेल्या आकड्याला, दुसरं टेलपीसजवळच्या (तारा अडकवायच्या खालच्या पट्टीजवळच्या) आकड्याला. पट्टा रुंद हवा, आतून खरखरीत चामड्याचा, म्हणजे खांद्यावर घसरत नाही. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा या वाद्याला लावूच नये. बसून वाजवतानाही पट्टा काढायचा नाही. मांडी फक्त टेकू देते, तोल पट्टाच सांभाळतो. उजव्या हाताला आर्मरेस्ट (हात टेकवायची पट्टी) बसवलेली असावी. ती नसली तर कड्याची आणि आकड्यांची धार कोपराखालच्या भागात रुतते आणि हात तिथून अधांतरी उचलला जातो.

तारा, उंची, कॅपो

दुकानातून आलेलं वाद्य तसंच वाजवायला घेऊ नये. आधी तारा पाहा. डॅडारिओ कंपनीच्या मीडियम संचात तारा १०, १२, १६, २३ आणि १० अशा जाडीच्या असतात (इंचाच्या हजाराव्या भागात), तर लाइट संचात ९, १०, १३, २० आणि ९. ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे पहिल्या आणि पाचव्या तारेचा ताण सुमारे १९ टक्क्यांनी उतरतो आणि तिसऱ्या तारेचा तर ३४ टक्क्यांनी. तिसरी तार ब्लूग्रासमध्ये सर्वात जास्त दाबली, घसटली आणि ओढली जाते, त्यामुळे डाव्या हाताला मोठा आराम तिथेच मिळतो. याची किंमत अशी की अंगठ्याचा फटका जड असेल तर हलकी तार मारताक्षणी चढी ऐकू येते आणि मग स्वरात बसते. वर्षानुवर्षं मीडियम तारा जोरात वाजवलेल्यांना पहिले काही दिवस सगळंच बेसुर वाटेल. तारा बदलू नका, फटका हलका करा.

मग तारांची उंची. ती बसवण्याआधी पुडी ताणून घ्यावी, ते काम पुढे दिलं आहे. बाराव्या पडद्यावर तारेखालची फट मोजा. ३.२ मिलिमीटर हे जुनं प्रचलित माप. दुखऱ्या हातांसाठी २.४ ते २.८ ठेवावं. त्याहून खाली गेलं तर चौथी आणि तिसरी तार पडद्यांवर खरखरते, आणि खरखर टाळायला माणूस बोट जास्त दाबतो, म्हणजे फायदा उलटतो. या बॅन्जोवर ⅝ इंचाची घोडी असते. घोडी १ मिलिमीटरने कमी केली तर बाराव्या पडद्यावर उंची अर्ध्या मिलिमीटरने उतरते. घोडी घासायची ती पायांकडून: सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, घोडी काटकोनात धरून, थोडं घासून पुन्हा मोजायचं. घाईने थेट ½ इंचाची घोडी बसवू नये. तिने बाराव्या पडद्यावर तार दीड मिलिमीटरहून जास्त खाली येते.

घोडी परत ठेवताना नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत १३⅛ इंच आणि तिथून घोडीपर्यंत तेवढंच, चौथ्या-पाचव्या तारेकडे किंचित जास्त. मग बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून उमटणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवून घ्यायचा. नटाच्या खाचाही पाहा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यामध्ये दाबली असता पहिल्या पडद्यावर कागद जाईल एवढीच फट हवी. खाच उंच राहिली तर पहिल्या दोन पडद्यांवर, जिथे ब्लूग्रासचं निम्मं काम चालतं, डाव्या हाताला विनाकारण कष्ट पडतात. खाचा घासायचं काम मात्र कारागिराकडून करून घ्यावं. एक घासा जास्त गेला की नट बदलावा लागतो.

उजव्या हातासाठी एक बदल फार उपयोगी पडतो, तो म्हणजे बॅन्जोवादक जे. डी. क्रो यांच्या नावाने ओळखली जाणारी, तारांमध्ये थोडं जास्त अंतर असलेली घोडी. टोकाचे सांधे सुजले की बोट बारकाईने वळत नाही आणि नखी शेजारच्या तारेला लागते. तारांमध्ये किंचित जागा मिळाली की चुका कमी होतात, आणि चुकेल या भीतीने आखडलेलं बोट मोकळं होतं.

कॅपो (दांडीवर बसवून वाद्याची पट्टी चढवायचा चिमटा) दर दोन गाण्यांना सरकवावा लागतो: ए पट्टीसाठी दुसऱ्या पडद्यावर, बी पट्टीसाठी चौथ्या. खटका दाबून बसवायचा कॅपो अंगठ्याच्या तळाला नेमका नको तिथे जोर मागतो. स्क्रूने आवळायचा कॅपो दोन सेकंद जास्त घेतो, पण दुखत नाही. अंगठा दुखत असेल तर दुसरा प्रकार निवडा. पाचव्या तारेसाठी सातव्या आणि नवव्या पडद्यापाशी बारीक खिळे बसवून घेतले की ती तार वर चढवण्याचा त्रासही वाचतो.

दांडी सडपातळ आहे. अंगठा मागून आवळावा लागत नाही. आवळला जातोय का हे पाहायला सोपी गत वाजवताना अंगठा क्षणभर दांडीपासून उचलून बघा. स्वर तसेच राहिले तर ठीक.

आवाज: खरी कमतरता

इथे गुडटाइम २ मार खातो. टोन-रिंग नसल्याने आवाज कोरडा, स्वर लवकर विझतो, आणि चार गिटारी, फिडल व मॅन्डोलिन अशा गोलात तो मागे पडतो. घरी वाजवताना हे खटकत नाही. जॅममध्ये मात्र वाजवणारा स्वतःला ऐकू येईनासा होतो आणि लगेच जोर वाढवतो. वयोमानाने उंच पट्टीतली श्रवणशक्ती उतरलेली असेल तर हे आणखी लवकर घडतं, कारण बॅन्जोच्या फटक्याची धार त्याच पट्टीत असते. म्हणजे वजन कमी करून जे कमावलं ते जोर वाढवून घालवलं, अशी गत होऊ शकते. हलका बॅन्जो घेऊनही वेग का वाढला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हीच जागा तपासावी.

यावरचा पहिला उपाय पुडीचा ताण. नव्या बॅन्जोची पुडी पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतेच. सैल पुडीवर स्वर बोदा उमटतो, फटक्याला उत्तर उशिरा येतं आणि बोटं लयीच्या मागे पडल्यासारखी वाटतात. तारा हाताने दाबून धरा, कड्याजवळ पुडीवर बोटाने टकटक करा आणि ऐका. स्वर जी ते ए यांच्या दरम्यान, शक्यतो जी शार्पजवळ हवा. ड्रमडायल (पुडीचा ताण मोजायचं यंत्र) असेल तर ८९ ते ९१. ताण वाढवताना समोरासमोरचे आकडे जोडीने घ्या, प्रत्येक आकड्याचा स्क्रू-नट एक अष्टमांश फेरा, सोळाही झाले की थांबा, पुन्हा ऐका. एकाच बाजूने आवळत गेलात तर पुडी आवळणारी धातूची कडी तिरकी बसते आणि पुडी फाटू शकते. पुडी ताणली की घोडी किंचित वर येते, म्हणून तारांची उंची पुन्हा मोजायची. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी उंची बसवून मग पुडी ताणली, तर सगळं काम दोनदा करावं लागतं.

दुसरा उपाय जागेचा. जॅममध्ये भिंतीला पाठ करून, रेझोनेटर आणि भिंत यांत हातभर अंतर ठेवून बसा. स्वतःचा आवाज परत कानावर येतो. बेसच्या शेजारी बसा, फिडलच्या नको. मंचावर मायक्रोफोनच्या जवळ जा. शिवाय उजवा हात घोडीकडे सरकवला की आवाज टोकदार होऊन गर्दीतून निघतो, कष्ट तेवढेच.

हे सगळं करूनही हा बॅन्जो टोन-रिंगच्या बॅन्जोची बरोबरी करणार नाही. मंचावर १४० च्या वर वाजवणाऱ्या बँडमध्ये जड वाद्यच हवं. ते बसून वाजवावं आणि रियाझासाठी व लांब जॅमसाठी हलकं वापरावं. दोन वाद्यं परवडत असतील तर हीच उत्तम वाटणी.

नख्या

सुजलेल्या सांध्यांवर जुन्या नख्या चढत नाहीत आणि चढल्या तर बोट बधिर करतात. सैल ठेवल्या तर त्या फिरतील म्हणून बोट आखडतं. ०.०१८ इंच जाडीच्या धातूच्या नख्या हाताने वाकवता येतात. घेरा बोटाच्या मागे थोडा उघडा ठेवून, पुढची पट्टी बोटाच्या गोलाईला जुळवून घ्या. जाड नख्या वाकवायला पक्कड लागते आणि मऊ नखी देते तो अंदाजही त्यांनी मिळत नाही. प्लास्टिकची अंगठ्याची नखी घट्ट होत असेल तर गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून घेरा मोकळा करा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवा. सुजेचं प्रमाण सकाळ-संध्याकाळ बदलत असेल तर दोन मापांच्या नख्या पेटीत ठेवाव्यात. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका दोन्ही पुडीवर टेकवण्याची सवय असेल, पण आता अनामिका ताठ होत असेल, तर एकच बोट टेकवलं तरी चालतं. दुसरं जबरदस्तीने दाबून ठेवण्याने मधल्या बोटाचा वेग जातो.

या वाद्यावर लय कशी परत चढवायची

आधी हात गरम करा. मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग हाताच्या प्रत्येक अंश उतरत्या तापमानाबरोबर सेकंदाला दीड-दोन मीटरने घटतो. ब्लूग्रासचे अमेरिकेतले मेळे उघड्यावर, संध्याकाळच्या गारव्यात चालतात, आणि तिथे बिघडलेली लय अनेकदा वयाच्या खात्यावर जमा होते. पाच-सात मिनिटं कोमट पाण्यात हात, मग बोटं न ओढता हळू उघडमीट, मग वाद्य.

मेट्रोनोमवर ती लय शोधा जिच्यात एकच रोल दोन मिनिटं वाजवून पुढचा हात जराही भरून येत नाही. ही तुमची मूळ लय. ती ८५ निघाली तरी ८५ च धरा. पंधरा मिनिटांच्या एका बैठकीतली बहुतेक मिनिटं मूळ लयीत किंवा तिच्या खाली द्या. मध्येच दोन मापांचे छोटे झटके, मूळ लयीपेक्षा १५-२० वर, आणि प्रत्येक झटक्यानंतर तेवढीच विश्रांती. शेवटची तीन मिनिटं पुन्हा २० ने खाली. दिवसात अशा दोन-तीन बैठका एका सलग तासापेक्षा जास्त देतात. मूळ लय आठवड्याला दोन-तीन ठोक्यांपेक्षा जास्त वाढवू नये. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकू लागला तर दोन दिवस लय आणि वेळ दोन्ही कमी.

फटके वाचवायलाही शिकावं. डाव्या हाताचा हॅमर-ऑन किंवा पुल-ऑफ (बोट तारेवर आपटून किंवा ओढून काढलेला स्वर) उजव्या हाताचा एक फटका वाचवतो. आठ स्वरांच्या मापात असे दोन आले तर उजव्या हाताला सहाच मारायचे राहतात. लय १३० च्या वर गेली की मापातले दोन स्वर सोडून पिंच (दोन-तीन तारा एकदम छेडणं) टाका. ऐकणाऱ्याला ठोस ठेका ऐकू येतो, गळालेले स्वर नाही. इतरांच्या एकलवादनात रोल चालू न ठेवता ठेक्यावर कॉर्ड तोडून वाजवा. आणि आपल्या पाळीचं गाणं असेल तर सुरुवात स्वतः करा: जो सुरुवात करतो तोच लय ठरवतो, हा जॅमचा नियम ज्येष्ठांनी निःसंकोच वापरावा.

जिथे वाद्याचा काही उपयोग नाही

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. सकाळी बोट वाकून अडकतं आणि टचकन सुटतं, ते ट्रिगर फिंगर. मधुमेहात आणि थायरॉइडच्या कमतरतेत मनगटाची नस दबण्याचं प्रमाण जास्त. मधुमेहात बोटं अडकणं आणि हाताचे सांधे ताठ होणंही जास्त दिसतं. आपल्याकडे मधुमेह इतका पसरलेला असताना मराठी वाचकांनी तरी ‘वय झालं’ म्हणण्याआधी साखर तपासून घ्यावी. तळहात सपाट टेबलावर टेकत नाही, अनामिका-करंगळी आत ओढली जाते, हे वेगळं दुखणं. त्यालाही अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताचे शल्यचिकित्सक लागतात.

दुखत अजिबात नाही, पण फक्त वाजवताना एखादं बोट आपोआप आत वळतं किंवा वर उचलतं, तर रियाझ वाढवू नका. हा फोकल डिस्टोनिया, म्हणजे मेंदूचा बोटावरचा ताबा बिघडण्याचा विकार, असू शकतो; त्यात तेच तेच जास्त घोटण्याने बिघाड पक्का होतो, मज्जाविकारतज्ज्ञाकडे जा. हात थरथरत असेल तर चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण दम्याच्या काही औषधांनी आणि थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाल्यानेही कंप येतो. वाजवण्याआधीची कडक कॉफीही कंप वाढवते. कंपावरची गोळी मित्राकडून घेऊन मंचावर जाण्याचा प्रकार संगीतकारांत आढळतो. दमा किंवा मंद नाडी असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते.

चष्म्याचं एक राहिलं. प्रोग्रेसिव्ह भिंगांतून दांडी स्पष्ट दिसावी म्हणून मान वाकते आणि खांदा वर येतो. वाद्य थोडं वर, उभ्या कोनात धरा, किंवा त्या अंतराचा एकच नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या. या बॅन्जोच्या फिकट मेपलवर गडद खुणा असल्याने मंद उजेडातही पडदे ओळखू येतात, ही त्याची एक लहानशी जमेची बाजू.

घ्यावा का?

खांदा किंवा मान दुखते, जॅममध्ये १०० ते १३० मध्ये वाजवायचं आहे, आणि वाद्य लावून घेण्यासाठी एक दुपार खर्चायची तयारी आहे, अशांनी जरूर घ्यावा. फक्त अंगठा दुखत असेल आणि खांदा ठीक असेल, तर नवं वाद्य घेण्याआधी जुन्याच बॅन्जोवर लाइट तारा, कमी उंची आणि स्क्रूचा कॅपो करून पाहा, पैसे वाचतील. मंचावरचा भरदार आवाज हवा असेल तर यात तो नाही.

मुंबई-कोकण-गोव्यात कोणी मागवणार असेल तर पुडी प्लास्टिकची असल्याने पावसाळ्यात ती कातड्यासारखी ढिली पडत नाही, पण मेपलची दांडी आणि घोडी दमट हवेत फुगतात आणि तारांची उंची हलते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बाराव्या पडद्यावरचं माप पुन्हा घ्या. तारा दमट हवेत लवकर गंजतात, आणि गंजलेल्या तारेवर डावं बोट सरकत नाही. लाइटचे चार-पाच संच बरोबरच मागवून हवाबंद डब्यात ठेवा.

अमेरिकेत, विशेषतः नॉर्थ कॅरोलायनात रॅले-केरीच्या बाजूला राहणाऱ्यांना वाद्य हातात घेऊन बघणं सोपं जाईल. स्क्रग्ज याच राज्यातल्या शेल्बीजवळचे, आणि तिथल्या वाद्यांच्या दुकानांत बॅन्जो भिंतीवर असतोच. दुकानात स्वतःच्या नख्या आणि स्वतःचा पट्टा न्या. उभं राहून वीस मिनिटं सलग वाजवा, पाच मिनिटांत ठरवू नका. खांद्याचं म्हणणं पंधराव्या मिनिटाच्या पुढे कळतं. डावा हात सोडून तोल पाहा. नंतर विक्रेत्याला गिटारवर ठेका धरायला सांगा आणि त्याच्या आवाजात आपला रोल जोर न वाढवता ऐकू येतो का ते बघा. येत नसेल तर पुडी ताणून द्यायला सांगा आणि पुन्हा वाजवून बघा. त्यानंतरही नाही आला तर त्याच भिंतीवरचा टोन-रिंगवाला एखादा खुर्चीत बसून वाजवून बघा.